पट्टा सैल करायचा नियम

मला प्रथमोपचाराच्या स्पर्धेत ढाल मिळाली होती, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं त्या ढालीपासून सुरू झालं. ती मिळाली नसती, तर एका माणसाचा उजवा हात कदाचित शेवटपर्यंत त्याच्या खांद्याला राहिला असता.

सत्तरनंतरच्या पहिल्या तीन-चार वर्षांतली गोष्ट. मी दौंडला रेल्वेच्या यार्डात क्लार्क होतो. मालगाडी आली की तिच्या बाजूनं चालत जायचं, एकेका वॅगनचा नंबर वहीत उतरवायचा आणि ऑफिसात येऊन तो मोठ्या रजिस्टरात चढवायचा, हे माझं काम. कानावर पेन्सिल आणि खिशात वही असल्याशिवाय मी घराबाहेर पडत नसे. प्रथमोपचाराच्या वर्गाला नाव घातलं ते काही माणुसकीच्या उमाळ्यानं नव्हे. वर्गाच्या दिवशी ड्युटीवरून तासभर आधी सोडायचे, म्हणून घातलं. पुढं मला त्यात गोडी लागली. का लागली, तेही सांगतो. मला ते झटकन जमलं आणि शिकवणारे डॉक्टर चारचौघांत माझं कौतुक करू लागले.

स्पर्धेची एक रीत होती. आपल्यातलाच एक जण जखमी होऊन सतरंजीवर पडायचा. त्याच्या शर्टाला टाचणीनं चिठ्ठी लावलेली असायची. 'उजव्या हाताला खोल जखम, रक्त उसळत आहे', असं काहीबाही. आम्ही चौघांनी धावत जायचं, चिठ्ठी वाचायची आणि उपचार करायचे. पण नुसते करून भागायचं नाही, जे करतोय ते मोठ्यानं बोलायचंही. 'रुग्ण शुद्धीवर आहे!' 'श्वास चालू आहे!' कारण परीक्षक दोन पावलांवर कागद घेऊन उभे असायचे, आणि जे त्यांच्या कानावर पडलं नाही त्याचे गुण मिळायचे नाहीत. मी टोळीचा नायक होतो, त्यामुळं ओरडायचं काम माझं. माझा आवाज खणखणीत. मालगाडीच्या शिट्टीवर मात करणारा.

त्यात पट्टा आवळायचा भाग मला फार आवडायचा. रक्त थांबतच नसेल तर दंडाला त्रिकोणी फडक्याची घडी गुंडाळायची, गाठ मारायची, गाठीत पेन्सिल किंवा काठी घालायची आणि पीळ द्यायचा. रक्त जागच्या जागी बंद. बघणाऱ्यांच्या तोंडून 'वा' निघायचं. मात्र असा पट्टा बांधला की लगेच वेळ लिहून ती चिठ्ठी रुग्णाच्या कपड्याला लावायची, आणि दर पंधरा मिनिटांनी पट्टा सैल करून बघायचा, असा त्या काळी आम्हाला शिकवलेला नियम होता. नाहीतर खालचा हात रक्तावाचून मरतो. स्पर्धेत एवढा वेळ कुणाला असतो? आम्ही नुसतं ओरडायचो, 'वेळ दहा वाजून वीस!' परीक्षक लिहून घ्यायचे. दोन श्वास घेऊन पुन्हा ओरडायचो, 'पंधरा मिनिटं झाली, पट्टा सैल केला!' त्याचे दोन गुण. दहा स्टेशनांच्या टोळ्यांत आम्ही पहिले आलो. ढाल घेऊन दौंडला उतरलो तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते.

अपघात झाला तो रेल्वेच्या मोठ्या संपाच्या आदल्या हिवाळ्यात. यार्डात एका उघड्या वॅगनमधून रुळांखाली घालायचे लाकडी स्लीपर उतरवायचं काम चाललं होतं. ते करणाऱ्या रूळमजुरांच्या गँगमध्ये एक जण होता, त्याला सगळे आप्पा म्हणत. शिरूर तालुक्यातला, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, बोलायला मोकळा. वॅगनच्या दरवाज्याची खीळ निसटली आणि दरवाज्याची लोखंडी फळी त्याच्या हातावर आली. कोपराच्या खाली, आतल्या बाजूनं, हात चिरत गेला. हाड शाबूत होतं, पण रक्त उसळत होतं, अगदी चिठ्ठीत लिहायचे तसं.

मी दोन रूळ पलीकडं नंबर लिहीत होतो. आरडाओरडा ऐकला आणि यार्डाच्या केबिनमधली प्रथमोपचाराची पेटी घेऊन धावलो. खोटं कशाला सांगू, धावताना मला आनंद झाला होता. इतकी वर्षं सतरंजीवरच्या खोट्या जखमा बांधल्या, आता खरी मिळाली. आणि बघायला सगळं यार्ड जमलं होतं.

पुस्तकात पहिली गोष्ट लिहिली होती ती अशी: स्वच्छ फडकं घ्या, जखमेवर ठेवा, दोन्ही हातांनी दाबून धरा, हात वर उचला आणि धीर धरा. बहुतेक रक्त एवढ्यानं थांबतं. पण दाबून बसण्यात काय दिसतं? कुणी 'वा' म्हणत नाही. मी एकदा फडकं ठेवलं, ते लाल झालेलं पाहिलं, आणि मिनिटभरही न थांबता दंडाला पट्टा आवळला. पेन्सिल कानावरची काढली, गाठीत घातली, पीळ दिला. रक्त थांबलं. गँगमन लोक थक्क होऊन पाहत राहिले.

आणि मी ओरडलो, "वेळ अकरा वाजून दहा!"

ओरडलो आणि सवयीनं मान वर करून पाहिलं. जिथं परीक्षक उभे असायचे तिथं एक शंटिंगवाला विडी धरून उभा होता. त्यानं माझ्याकडं पाहून मान हलवली, एवढंच. लिहून घेणारं तिथं कुणी नव्हतं. लिहायची माणसं म्हणाल तर त्या यार्डात मीच होतो.

रेल्वेच्या दवाखान्यातले डॉक्टर त्या दिवशी कामासाठी लाईनवर गेले होते. पुण्याकडं जाणारी पॅसेंजर सुटायच्या बेतात होती, म्हणून तिच्यातूनच पुढं न्यायचं ठरलं. आप्पाला बाकावर निजवलं. बरोबर त्याच्या गँगमधला त्याचा जोडीदार आणि आणखी एक जण चढला. मी खिडकीतून आत वाकलो आणि जोडीदाराला दरडावून सांगितलं, "हे बघ, हा पट्टा सोडायचा नाही. कुणी काहीही म्हणो. डॉक्टरनंच सोडायचा."

"न्हाई सोडत, बाबू," तो म्हणाला.

मी त्या गाडीत का चढलो नाही? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय की त्याची धार बोथट व्हायला हवी होती, ती होत नाही. गाडीला जागा होती. माझी ड्युटी कुणीही सांभाळली असती. पण तेवढ्यात आमचे साहेब प्लॅटफॉर्मवर आले, त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, 'शाब्बास' म्हणाले, आणि रिपोर्ट लिहायला ऑफिसात चल म्हणाले. मी शेपूट हलवत गेलो. त्या रिपोर्टसाठी परत यार्डात जाऊन त्या वॅगनचा नंबर मी काळजीपूर्वक वहीत उतरवून घेतला. अकरा वाजून दहा मिनिटं ही वेळ कुठंच उतरवली नाही.

आणखी एक आहे, तेही सांगतो. आप्पाच्या जागी तो हात आमच्या साहेबांचा असता, तर मी गाडीत चढलो असतो. पुण्यापर्यंत त्यांच्या उशाशी घड्याळ धरून बसलो असतो. गँगमनचा हात होता. पट्टा नीट बांधला, गाडीत घातलं, आपलं काम झालं, असं मला वाटलं. तेव्हा असं शब्दांत वाटलं नव्हतं. पण तेच होतं.

गाडी लोणीच्या अलीकडं अडकली. पुढं एका मालगाडीचं इंजिन बंद पडलं होतं. पुण्याच्या दवाखान्यात आप्पा पोचला तेव्हा साडेचार वाजून गेले होते. हे मला तीन दिवसांनी कळलं, जोडीदार परत आला तेव्हा. तो यार्डात मला शोधत आला. हात कोपराच्या वरून काढला होता, पण जीव वाचला होता. जोडीदाराच्या चेहऱ्यावर दुःख होतं आणि अभिमानही.

"बाबू, लई तरास झाला," तो म्हणाला. "केडगाव सोडलं आन् आप्पा रडायलाच लागला. हात फुटतोय म्हणं, सोडा म्हणं, पाया पडतो सोडा म्हणं. डाव्या हातानं गाठ सोडाया बघायचा. म्या त्याचा हात धरून ठेवला, बाबू. दोघांनी धरला. म्हणलं, बाबूचा हुकूम हाय. एवढा वेळ गाडी उभी, पर आमी गाठीला बोट लावू दिलं न्हाई."

मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"कवा बांधलं इचारलं. आमी म्हणलो, सकाळी. मंग त्ये दुसऱ्या डॉक्टरला विंग्रजीत कायतरी बोलले."

इंग्रजीत काय बोलले असतील ते मला मराठीत नीट कळलं. जोडीदार माझ्या तोंडाकडं शाबासकीसाठी पाहत होता. मी म्हणालो, "बरं केलंस." हे माझे शब्द आहेत. बरं केलंस.

पंधरवड्यानं वरच्या ऑफिसातून पत्र आलं. प्रसंगावधान राखून एका कर्मचाऱ्याचे प्राण वाचवल्याबद्दल प्रशस्तिपत्र. साहेबांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. माझ्या बायकोनं फ्रेम करून रेडिओच्या वर टांगलं. येणारा-जाणारा ते वाचायचा आणि मी खाली पाहायचो. लोकांना वाटायचं, माणूस नम्र आहे.

आप्पा गावी गेला तेव्हा जोडीदारानं मला भेटायला नेलं. नको नको म्हणत होतो, पण नाही म्हणायला कारण सुचेना. चौफुल्याला एसटी बदलून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो आणि एका फाट्यावर उतरून चालत त्यांच्या वस्तीवर गेलो. पंचवीस-तीस घरांची वस्ती, सगळी बौद्ध. मी येणार हे आधीच कळलेलं. दारात पाट मांडला होता, हार होता, नारळ होता. आप्पा खाटेवर बसला होता, सदऱ्याची उजवी बाही मोकळी. त्याची आई पुढं आली. सत्तरीची असेल. ती वाकली आणि मी मागं सरायच्या आत तिनं माझ्या पायांवर डोकं टेकवलं.

"माझं लेकरू माघारी आणलं बाबा तुमी," ती म्हणाली. "न्हाईतर मला काय, मढंच बघावं लागलं असतं."

तेव्हा सांगायला हवं होतं. तिथंच, त्या हाराआधी. हार गळ्यात पडला, एका पोरानं टाळ्या सुरू केल्या, आणि मी नमस्कार करत पाटावर बसलो. परत येताना एसटीत जोडीदार म्हणाला, "बाबू, तुमच्या डोळ्यांत पानी आलं व्हतं." मी म्हणालो, "धूळ गेली."

वर्षभरात आप्पाला दौंडलाच हलकं काम मिळालं. वेटिंग रूममधले माठ भरायचे, फलाटावरचा नळ बघायचा. काम लागल्यावर तो पहिल्यांदा माझ्या घरी आला, पेढे घेऊन. बायकोनं चहा केला. तो व्हरांड्यात बसला होता. चहा कुठल्या कपात आला ते मी पाहिलं. खिडकीत वेगळा ठेवलेला, कान तुटलेला कप होता, तो. बायको आपल्या सासूकडून शिकली होती, सासू तिच्या सासूकडून. मी आत जाऊन 'आपल्या कपात दे' म्हणायला चार पावलं लागली असती. मी ती चाललो नाही. आप्पानं चहा संपवला, कप नळाखाली धुतला, एका हातानं, पालथा घातला आणि म्हणाला, "बाबू, तुमच्यामुळं आज हा चहा प्यायलो." मी त्या दिवसापासून त्याला अहो-जाहो करू लागलो. कप बदलायच्या ऐवजी मी हे केलं.

पुढं शिकवणाऱ्या डॉक्टरांची बदली झाली आणि गँगमन लोकांना प्रथमोपचाराचे मूळ धडे द्यायचं काम माझ्याकडं आलं. ढालवाला, प्रशस्तिपत्रवाला, दुसरं कोण? आणि साहेबांनीच सुचवलं की आप्पांनाही वर्गात बोलवत जा, लोकांना पटेल. आप्पा आनंदानं यायचे. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, पहिल्या रांगेत कडेला बसायचे. मी पट्ट्याचा धडा शिकवला की ते उठायचे आणि मोकळी बाही वर करून आपली गोष्ट सांगायचे. ती गोष्ट त्यांनी चांगली रंगवली होती.

"म्या येडा," ते सांगायचे, "गाडीत पोरावानी रडत व्हतो. सोडा सोडा म्हणत व्हतो. आवो, सोडली असती तर तिथंच खलास व्हतो. पर ह्यो माझा जोडीदार बघा, बाबूचा सबूद म्हंजी सबूद. न्हाई सोडली. म्हणून आज हुबा हाय तुमच्यापुढं."

सगळे हसायचे. जोडीदारही मागच्या रांगेतून हसायचा. रडल्याची त्या बिचाऱ्या माणसाला लाज वाटायची, आणि ती लाज तो दरवर्षी चाळीस माणसांसमोर स्वतः मांडायचा, माझा मोठेपणा वाढावा म्हणून. आणि मी खडू हातात धरून बाजूला उभा.

आता वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. पट्टा दर पंधरा मिनिटांनी सैल करायचा, हा नियम मी त्यांच्यासमोर कसा सांगणार? तो सांगितला की त्यांना हिशोब कळणार. अकरा ते साडेचार. मी तो गाळला. पहिल्या वर्षी मुद्दाम असं नाही, जीभच तिथं अडखळली आणि मी पुढच्या धड्याकडं वळलो. दुसऱ्या वर्षी मात्र जाणूनबुजून गाळला. एकदा आप्पा पाणी प्यायला बाहेर गेले तेव्हा तो भरभर सांगून टाकावा म्हणून तोंड उघडलं, तर ते दारात परत उभे. मी 'तर मग मोडलेलं हाड' असं म्हणून वेळ मारून नेली. असे तीन वर्ग गेले. शंभरावर माणसं माझ्याकडून पट्टा बांधायला शिकून लाईनवर गेली, सोडायला न शिकता.

व्हायचं ते झालं. पाटसकडच्या गँगमधला एक माणूस एक दिवस ऑफिसात आला, बोटाला मोठं बँडेज. रुळाचे बोल्ट आवळायचा पाना निसटून बोट कापलं होतं. त्यानं शिकल्याप्रमाणं बोटाच्या मुळाशी सुतळी आवळली, काडी घालून पीळ दिला आणि रक्त थांबलं म्हणून तसाच रात्रभर ठेवून झोपला. सकाळी बोट काळं. डॉक्टरांनी दोन पेरं काढली.

तो भांडायला आला नव्हता. समजून घ्यायला आला होता. "तुमी शिकिवलं तसंच बांधलं, बाबू," तो म्हणाला. "डागदर म्हणलं, लगी सोडायचं असतं. तुमी सांगितलं आसंल, माझंच ध्यान नसंल."

"नाही," मी म्हणालो. "सांगायचं राहिलं." राहिलं! काय शब्द शोधला होता मी.

त्या रात्री झोप आली नाही वगैरे लिहिणार नाही. झोप आली. पण सकाळी उठलो तो ठरवूनच. पुढचा वर्ग आठवड्यावर होता. आप्पांना न बोलावणं सोपं होतं. निरोपच धाडायचा नाही, की झालं. ते मी केलंही. निरोप धाडला नाही. वर्गाच्या दिवशी हॉलमध्ये शिरलो तर पहिल्या रांगेत कडेला धुतलेला सदरा आणि टोपी.

"निरोप आला न्हाई," ते म्हणाले, "म्हणलं बाबू इसरले कामात. आपुन जावं."

पट्ट्याचा धडा आला. मी एका तरण्या गँगमनला पुढं घेतलं, त्याच्या दंडाला फडकं गुंडाळलं, गाठ मारली, पीळ दिला. नेहमी नियम गाळायचो त्या जागी आलो. आप्पा उठायच्या तयारीत गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. मी त्यांच्याकडं पाठ केली. फळ्याकडं तोंड करून लिहिलं, 'वेळ लिहा. पंधरा मिनिटांनी सैल करा.' आणि तसंच पाठमोरं राहून वाचून दाखवलं. नाही केलं तर काय होतं तेही सांगितलं. हात काळा पडतो, आणि कापावा लागतो.

पहिला आवाज आला तो आप्पांचा नव्हे. मागच्या रांगेतून जोडीदार उभा राहिला होता.

"बाबू," तो म्हणाला, "तुमीच सांगितलं व्हतं न्हवं, सोडू नका म्हणून?"

मला वळावं लागलं. चाळीस माणसं माझ्याकडं पाहत होती. मी म्हणालो, "मीच सांगितलं होतं. तुझी काही चूक नाही. वेळ लिहायला हवी होती, ती मी लिहिली नाही. मी गाडीत यायला हवं होतं, मी आलो नाही. आणि पट्ट्याची बहुतेक गरजच नव्हती. नुसतं दाबून धरलं असतं तरी भागलं असतं."

"म्या हात धरला त्याचा," जोडीदार म्हणाला. मला नव्हे, कुणालाच नव्हे. "रडत व्हता, आन् म्या धरून ठेवला."

आप्पा बसूनच होते. फळ्यावरची अक्षरं ते हळूहळू वाचत होते. ओठ हलत होते. वाचून झाल्यावर त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि माझ्याकडं पाहून म्हणाले, "म्हंजी मी बरोबर म्हणत व्हतो."

"हो, आप्पा."

"सोडा म्हणत व्हतो, ते बरोबर व्हतं."

"हो."

ते चिडतील असं मला वाटलं होतं. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते उठले, टोपी डोक्याला घातली आणि रांगांमधून वाट काढत मागं गेले. जोडीदार तोंडावर हात धरून उभा होता. आप्पांनी डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. "चल," ते म्हणाले. "तुला काय म्हाईत व्हतं? चल, च्या पिऊ." दोघं बाहेर गेले. त्यांच्यामागं दार हळूच लागलं.

वर्ग मी पुढं चालवला, चालवावाच लागला. तो तरणा गँगमन दंडाला पट्टा आवळून तसाच उभा होता आणि त्याची बोटं पांढरी पडायला लागली होती. मी घाईघाईनं गाठ सोडली. मग सगळ्यांकडून नियम तीन-तीनदा म्हणवून घेतला. संध्याकाळी बाहेर पडलो तर दोघं समोरच्या टपरीच्या बाकावर अजून बसलेले. मी समोरून गेलो. आप्पांनी पाहिलं, मान हलवली, रस्त्यातल्या कुठल्याही ओळखीच्या माणसाला हलवतात तशी, आणि पुन्हा जोडीदाराशी बोलू लागले. त्यानंतर ते वर्गाला आले नाहीत, आणि मी बोलावलं नाही.

घरी येऊन फ्रेम उतरवली. बायकोनं विचारलं तर म्हणालो, भिंतीला ओल आली आहे. पाटावर बसलो, पहिला घास घेतला आणि मग माझ्या लक्षात आलं. मी नियम सांगितला होता, चूक कुणाची तेही सांगितलं होतं, मास्तरानं धडा सांगावा तसं सगळं ओळीनं सांगितलं होतं. पण 'आप्पा, मला माफ करा', एवढं काही मी म्हणालो नव्हतो. उद्या जाऊन म्हणू, असं ठरवलं. आप्पा त्यानंतर सहा वर्षं दौंडला होते. फलाटावर, नळापाशी, जवळजवळ रोज दिसायचे. मी म्हणालो नाही.